कंपनीची सायकल आणि आपला एक भाग

राजारामपुरी, कोल्हापूर
गुरुवार, १६ जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी जावई यज्ञेश्वर याचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. आपण माझ्याबरोबर पाठवलेली काकवीची बरणी पोचली. वाटेत एस.टी.त थोडी सांडली, पण ती माझ्याच पिशवीत सांडल्यामुळे वाया गेली असं म्हणता येणार नाही. नेसरीत थंडी फार आहे असं ऐकतो, तेव्हा पहाटे गुऱ्हाळावर जाणं बंद करावं आणि खोकल्याला जपावं. आपल्या उरलेल्या तीन दातांची खबर द्यावी. आपण आमच्या दंतमंजन कंपनीचे भागधारक, तेव्हा त्या तिघांची काळजी मला जावई म्हणून आहेच, पण कंपनी म्हणून जास्त आहे. (मागच्या खेपेला आपण मागच्या दारी राखुंडीने दात घासताना दिसलात, ते मी कालिंदीला सांगितलेलं नाही.)

पत्र लिहिण्याचं कारण सायकल. मी रोज राजारामपुरीतून उचगावच्या आपल्या शेडपर्यंत पायी जातो, जाऊनयेऊन सहा मैल. वर्षाला वहाणांचे तीन जोड झिजतात आणि गुडघे किती झिजतात ते मोजायची सोय नाही. म्हणून सायकल घ्यायचं ठरवलं. सरळ दुकानात जाऊन घेतली असती तर आपल्याला हे पत्र वाचावं लागलं नसतं. पण चहाच्या दुकानात शेजारी बसलेल्या एका माहीतगार गृहस्थाने सांगितलं, की ज्याची स्वतःची कंपनी आहे त्याने स्वतःच्या नावाने सायकल घेणं हा शुद्ध अडाणीपणा. कंपनीच्या नावाने घ्यावी, म्हणजे आयकर वाचतो. (आयकर बसावा इतका नफा आपल्या कंपनीला अजून झालेला नाही, हे मला घरी आल्यावर आठवलं. पण तोवर कल्पना डोक्यात बसली होती.) शिवाय मी जोतीरामच्या दुकानात जाऊन एक सायकल चालवूनही पाहिली आणि फेरी उत्तम झाली. त्या सुमारास माझं कोपर खरचटलं होतं, पण त्याचा इथे संबंध नाही.

आता कंपनीने सायकल घ्यायची तर डायरेक्टरांची सभा हवी, सभेत ठराव हवा आणि ठराव मिनिट बुकात लिहिलेला हवा. डायरेक्टर आम्ही दोघंच. दहा भाग माझे, दहा कालिंदीचे, आणि जावयाचं मन मोडू नये म्हणून आपण घेतलेला एक आपला. कंपनी काढली तेव्हा मीच कालिंदीला बजावलं होतं, की तू नावापुरती डायरेक्टर आहेस, कागद पुढे आला की वाचत बसायचं नाही, खाली सही करायची. दोन वर्षं तिने हे तंतोतंत पाळलं. अक्षर तिचं मोत्यासारखं (आपल्याच हाताखाली वळण लागलेलं), म्हणून मिनिट बुक लिहायचं काम तिच्याकडे दिलं. त्यामुळे झालं असं, की वही ती लिहू लागली आणि न वाचता सही करायची सवय मला लागली. रात्री जेवण झालं, मी पानाला चुना लावू लागलो की ती वही पुढे सरकवते आणि मी सही ठोकतो. सायकलीची सभाही स्वयंपाकघरातच झाली. मी पाटावर, ती चुलीपाशी, कोरम पूर्ण. मी म्हणालो सायकल घ्यावी, ती म्हणाली घ्यावी, आणि भात उतरायच्या आत सभा बरखास्त झाली.

आठ दिवसांनी जोतीरामचा निरोप आला. गेलो, तर समोर हिरव्या रंगाची लेडीज सायकल. मधला दांडा नाही, मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी. ही कुणाची, म्हणून विचारलं, तर त्याने कंपनीच्या शिक्क्याचा कागद माझ्यापुढे धरला. "तुमचीच की वो. खाली सही कुणाची हाय बघा की. न्हाई म्हंतासा काय?" सही माझीच होती. सोबत ठरावाची नक्कल होती, तीही मी तिथेच पहिल्यांदा वाचली: 'कंपनीच्या कामाकरिता एक लेडीज सायकल घ्यावी. कंपनीच्या कामाखेरीज तीवर कोणीही बसू नये.' घरी येऊन जाब विचारला. कालिंदी म्हणाली, "वाचून दाखवायला हवं होतं का? मला वाटलं, डायरेक्टरांनी वाचायचं नसतं." तात्या, आपण तीस वर्षं शाळामास्तर होता. यावर माणसाने काय बोलावं ते आपणच कळवा.

विद्यार्थिदशेत मी दांड्याची सायकल दोन्ही हात सोडून चालवीत असे. अशा माणसाने धोतर, कोट आणि टोपी अशा पोशाखात हिरव्या लेडीज सायकलवर बसून भर रस्त्याने उचगावला जायचं म्हणजे काय, याची कल्पना करावी. पहिल्याच दिवशी एका बैलगाडीवाल्याने गाडी थांबवून हटकलं, "पावणं, सायकल बदलली की वो कुणाची. माघारी जावा, वाट बघत असतील." शेडवर पोचलो, तर आपला मंजन कुटणारा आकाराम दारातच उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे लांबवर पाहिलं आणि काळजीने विचारलं, "मालक, वैनी कुठं पडल्या?" मी त्याला अर्धा तास कंपनीचा कायदा समजावून सांगितला. तो मान डोलावीत होता, पण संध्याकाळी मी निघालो तेव्हा म्हणाला, "वैनींस्नी सांगा, सायकल झ्याक हाय."

येताना बाजारातून वांगी घेतली आणि पिशवी हँडलला अडकवली, तेव्हा ठराव आठवला. वांगी कंपनीच्या कामाची नव्हती. मी बराच वेळ विचार केला. ठरावात 'बसू नये' असं आहे, ढकलण्याबद्दल काही नाही. म्हणून वांगी हँडलला आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. (गुडघ्यांची अवस्था होती तीच.)

इथपर्यंत मी निभावून नेलं. पण मग कालिंदीच्या मनात आलं, की सायकल लेडीज आहे, तर ती लेडीजना यायला हवी. भल्या सकाळी मागच्या मैदानात मी सीट धरून धावायचं आणि तिने पायडल मारायचं, असं नऊ दिवस चाललं. लोक काय म्हणतील, ही धास्ती मला फार होती. लोक काय म्हणत होते ते धापा टाकल्यामुळे ऐकूच आलं नाही. दहाव्या दिवशी मी सीट सोडली, आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली. मी तिथेच उभा राहिलो. अर्ध्या तासाने ती घंटी वाजवीत परत आली. पडली नव्हती, कुणाला पाडलंही नव्हतं, आणि येताना मुलींच्या एका शाळेत थांबून बाईंकडून मंजनाच्या चार डझन डब्यांची ऑर्डर घेऊन आली होती. मला दोन वर्षांत कुठल्या शाळेच्या फाटकातून आत जायला जमलं नव्हतं. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला, की तो लपवण्यासाठी मी घंटी फार मोठ्याने वाजवू नये यावर तिला व्याख्यान दिलं.

आणि इथेच वाद उभा राहिला. शाळा भरतात सकाळी अकराला, आणि मी उचगावला निघतो दहाला. सायकल एक. माझं म्हणणं, मी कारखान्यावर जातो, याहून कंपनीचं काम दुसरं कुठलं? तिचं म्हणणं, कारखान्यात पोचल्यावर तुम्ही करता ते कंपनीचं काम; घरून तिथपर्यंत जाणं हे तुमचं खाजगी काम, कारण तुम्ही राजारामपुरीत राहावं असा कंपनीने ठराव केलेला नाही. शेवटी सभा बोलावली. दहा भाग एका बाजूला, दहा दुसऱ्या बाजूला, आणि आमटी मधोमध. आता रविवारी, २ फेब्रुवारीला भागधारकांची सभा ठेवली आहे, आणि आपला एक भाग ज्या बाजूला पडेल त्या बाजूला सकाळची सायकल जाणार. तेव्हा आपण शनिवारच्या एस.टी.ने अवश्य यावं. मी माझी बाजू आकारामसमोर आणि जोतीरामच्या दुकानात जाहीरपणे मांडली आहे, आणि तीपासून मी तसूभर हलणार नाही.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि आपल्या तीन दातांना आमच्या मंजनाची एक डबी सोबत.

आपला आज्ञाधारक,
यज्ञेश्वर

ता. क. घरातली पाकिटं संपल्यामुळे हे पत्र कंपनीच्या पाकिटातून पाठवत आहे. पाकीट मी स्वतः डकवलं आहे.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट राहिली. रविवारी आपण मत कालिंदीच्या बाजूने द्यावं. चार गावं ऐकतील असं बोलून बसल्यामुळे मला स्वतःला ते देता येत नाही. मी हरलो तर सासऱ्यांनी हरवलं असं होईल, त्यात कमीपणा नाही. गेल्या पंधरवड्यात तिने सहा शाळा केल्या. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो, आणि मी सायकल नेली त्या दिवशी तो पाहवत नाही. मी चालत जाईन, सवय आहे. हे तिला कळू देऊ नये.

ता. क. तिसरा. तात्या, तुमची कालिंदी लिहिते आहे. पाकीट कंपनीचं असल्यामुळे जावक रजिस्टरात नोंद करायला उघडावं लागलं, आणि नोंद करायची तर वाचावं लागतंच. मत द्यायला येऊ नका, सभा रद्द आहे. परवा मंगळवारी जेवण झाल्यावर दोन ठराव लिहून पुढे ठेवले, ह्यांनी दोन्हींवर सही केली आहे. पहिला, हिरवी सायकल सकाळी माझ्याकडे. दुसरा, घरून कारखान्यात जाणं हे कंपनीचंच काम समजून ह्यांच्यासाठी दुसरी सायकल घ्यावी. ती १ फेब्रुवारीच्या शनिवारीच येते आहे, निळी. तेव्हा सायकल बघायला मात्र नक्की या, आणि राखुंडी तिकडेच ठेवून या.

तीही लेडीजच मागवली आहे. पहिली मी स्वतःसाठी घेतली असं ह्यांना वाटतं. तेव्हा मला सायकलवर बसतासुद्धा येत नव्हतं. पण जोतीरामच्या दुकानासमोर धोतर नेसून दांड्यावरून पाय टाकताना ह्यांचं काय झालं, ते मी समोरच्या भुसारी दुकानातून पाहिलं होतं. धोतर हे सोडणार नाहीत, आणि मला हे अख्खे हवे आहेत.