माझ्या ताऱ्याचे दोन तास

२१ ऑगस्ट
नाही म्हणजे नाही! प्रभाकर सरांचा पुण्याहून फोन. माझा तारा यादीतून काढायचा आणि रेडिओ दुर्बिणीवरचे दोन तास त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, योगेशला द्यायचे. "अमिता, तीन वर्षं झाली. कृष्णविवरानं तारा फाडला, गिळला, विषय संपला. झोत निघायचा असता तर तेव्हाच दिसला असता."

कोणी ठरवलं? गिळताना बाहेर फेकल्या गेलेल्या पदार्थाचे असे झोत दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी दिसलेले आहेत. सरांना तोंडावर म्हटलं — आज दिसत नाही म्हणजे काही झालंच नाही, असं कसं? फोन ठेवून दिला त्यांनी. पोळ्याला घरी, पांढुर्ण्याला आले ती हे डोकं घेऊन.

२२ ऑगस्ट
पोळा. पुरणपोळीची चवसुद्धा कळली नाही. सरांना तीन पानी मेल. उत्तर एक ओळ — "परवाचे दोन तास घे. शेवटचे."

२३ ऑगस्ट
गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर गोटे फेकायचे. धाकटा भाऊ वैभव शाळेत पोरांना गणित शिकवतो, आणि तो नदीवर गेलाच. पलीकडे सावरगावकडून सख्खा मामा, इकडून हा भाचा, आणि मारायचे दगड! दरवर्षी मी भांडते. दरवर्षी आईचं तेच, "एक दिवसाचा खेळ असते, जाऊ दे त्याले."

चारला परत आला. कानाच्या वर गोटा बसला म्हणे. केस बाजूला करून पाहिलं. रक्त नाही, साधं टेंगूळ. "काई नाई लागलं, तू उगाच तापून राहिली." आई दवाखान्याचं म्हणत होती. मीच म्हटलं, काही नको, फिटू दे हौस.

२४ ऑगस्ट
दहा ते बारा निरीक्षण झालं. दुपारपासून लॅपटॉपवर आकडे साफ करतेय. वैभव दोनदा दारात. "ताई, डोकं दुखून राहिलं माह्यं." जा, झोप म्हटलं. नाटकं सगळी.

२५ ऑगस्ट
आहे! तीन वर्षं जिथे कोरं होतं तिथे ठळक ठिपका. दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. सरांना चित्र पाठवलं, दुसरा शब्द नाही. संध्याकाळी फोन — "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." आता म्हणतात! राग काही उतरत नाही.

२६ ऑगस्ट
नागपूर. वैभवला पहाटेपासून उलट्या, मग तो आईलाही ओळखेना. डोक्यात आत रक्त साचत होतं, तीन दिवस, हळूहळू. ऑपरेशनला आत नेलंय. डॉक्टरांनी विचारलं, लागलं त्या दिवशी कोणी पाहिलं होतं का?

मी पाहिलं होतं.