जायचं लुगडं

माय, काल पेटी उघडली तर तुझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली होती. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात, आणि पेटी सेलूत, माझ्या पिको-फॉलच्या दुकानामागच्या खोलीत. तिथं गवताची काडी उगवत नाही. मी खाली बसून एक एक कुसळ काढत राहिले. भ्यालीस का म्हणशील, तर हो, लय भ्याले. पण तुझं लुगडं तसं कसं ठेवू?

हे लुगडं घ्यायला तू गावाहून आलीस तो दिवस मला अजून दिसतो. दुकानदाराच्या तू नाकी नऊ आणलेस. हा हिरवा पोपटी आहे, तो शेवाळी आहे, ह्याचा काठ मेला धुतल्यावर रडेल. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मावशी, लगन कोणाचं हाय एवढं?" आणि तू हसत म्हणालीस, "लगन न्हाई, माझं जायचं लुगडं हाय. मालकाच्या आदी जानार मी, अहेव. काठ लाल दाखवा. मेल्यावर मानसानं उजळ दिसू न्हाई का?" त्याचा हात घडीवरच थांबला. मी तुला कोपराने ढोसते आहे, आणि तू मात्र पदर खांद्यावर टाकून आरशात वळून वळून बघते आहेस, नव्या नवरीसारखी.

तुझा थाटच तसा होता. नवरीला नेसवायचं तर तू, आणि गावातल्या बाईचं मयत झालं तर तिला शेवटचं नेसवायचं तेही तूच. डोहाळजेवणाला मऊ सुती, पोटाला काच नको. तहसिलीत जायचं तर कांजी केलेलं, म्हणजे तिथला बाबू अगं-तुगं करत नाही. तुझ्या निऱ्या बोटभर, एकसारख्या, आणि शेवटची अर्धीच सोडलेली. का, तर "बाईला दम घ्यायला जागा पायजे." दारावर जाताना, मयताच्या घरी भेटायला जाताना, धुतलेलं पण बिनइस्त्रीचं. एकदा मी नवी कोरी साडी नेसून निघाले तर तू मला भर रस्त्यातून माघारी वळवलंस. "कामून मिरवायलीस? लुगडं वाजायलंय तुझं. रडत्या घरी वाजतं लुगडं नेसून जानं म्हंजी त्यांच्या तोंडात मारनं." आठवडाभर मी तुझ्याशी धड बोलले नाही. बाई गं, काय जीभ होती तुझी!

आणि मग साथीच्या त्या वर्षी तू अण्णांच्या आधी गेलीस, म्हणाली होतीस तशीच. पण परभणीच्या दवाखान्यातून तुला गुंडाळूनच दिलं. हात लावू देईनात. मी हे लुगडं छातीशी धरून लांब उभी होते. साऱ्या गावाला नेसवणारी तू, आणि तू प्लास्टिकात गेलीस. मला त्या दिवसाचा अजूनही राग येतो, कोणावर ते कळत नाही.

महिन्याने पेटी उघडली तेव्हा घडीवर निऱ्यांच्या चुण्या होत्या. बोटभर, आणि शेवटची अर्धी. आमचे हे म्हणाले, उंदीर असतील. म्हटलं, उंदीर निऱ्या घालतो होय हो? मग मावशीच्या नातीचं चारठाण्यात लग्न झालं. मला ताप होता, जाता आलं नाही. नंतर नवरी भेटायला आली, तर म्हणते, "एक हिरव्या लुगड्यातली आजी आलती. माझ्या निऱ्या सोडून पुन्यांदा घातल्या तिनं. दम घे म्हनली." ती लांब, बापाच्या नोकरीच्या गावी वाढलेली, तिने तुला कधी पाहिलेलं नाही. मी त्या रात्री पेटी उघडली, तर पदराला हळदीचा डाग. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

पण काल आनंद नाही झाला. आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणीची सासू गेली, म्हणून मी नि दादा दारावर गेलो. तुझी मैत्रीण मला एकीकडे घेऊन म्हणाली, "परवा तुझी माय आलती गं. आमी बायका बसलो व्हतो. आत न्हाई आली. नवंकोरं हिरवं नेसलेली, अन् दोनी हातानं पदर दाबून धरलेला, वाजू न्हाई म्हनून. लाजल्यावानी उंबऱ्याभाईर उभी. म्या ये म्हनलं तर मान हालवली अन् गवतातून निगून गेली." माय, तू मान खाली घालून उभी? तुझी बाकीची लुगडी आम्ही तेराव्याला वाटून टाकली. तुला आता निवडायला उरलंच काय होतं?

दादाने ऐकलं, तो परत येताना गाडी चालवत रडत होता. म्हणाला, "तिचं नेसनं ऱ्हायलंय, म्हनून फिरायलीय ती. परवा गंगाखेडला जाऊ, गंगेत सोडू लुगडं. ते पोचलं की सुटंल." त्याचं बरोबर आहे. मला पटतंही. तुझं तुला द्यावं आणि तुला जाऊ द्यावं, लेकीचं कर्तव्य तेच.

दादा सकाळी येईल. पिशवीत हिरवं इरकली लुगडं भरून ठेवलंय, लाल काठाचं. ते मी आज दुपारी बाजारातून आणलेलं आहे. तुझं पेटीतच आहे. त्याच्या शेजारी एक सुती ठेवलंय, फिकट, दोनदा धुतलेलं, बिनइस्त्रीचं. मयताच्या घरी ते नेसून जा, आत जाऊन बस. कुलूप मी काढून टाकलंय.

हे पत्र पेटीत ठेवणार होते. नाही ठेवत. वाचलंस तर म्हणशील, कामून धरून ठेवायलीस गं मला, सोड. आणि तू म्हणालीस तर मला सोडावं लागेल.