ग्रीनची वर्गणी

रवि., ४ फेब्रु. २०२४

गोल्फ क्लबचं पत्र आलं. वार्षिक वर्गणी अडीचपट. वर 'हरितीकरण निधी' म्हणून एकरकमी वेगळा. तो आकडा वाचून चष्मा पुसला, परत वाचला, तोच होता. ३० एप्रिलपर्यंत न भरल्यास सभासदत्व संपुष्टात. खाली नव्या सेक्रेटरीची सही.

कशासाठी, तर ब्राऊन काढून ग्रीन करायचे. नऊच्या नऊ होलला. बावीस वर्षं या मैदानावर खेळतोय, होलभोवती गवत कधी पाहिलं नाही. वाळूत जळकं ऑईल कालवायचं, दाबून गुळगुळीत करायचं, की झाला ब्राऊन. बॉल कसा सरळ जातो. थेंबभर पाणी लागत नाही. ज्यानं कुणी या मुलखात हे चालू केलं त्याला डोकं होतं. आता आठ-आठ दिवस नळ कोरडा, आणि यांना हिरवळ सुचते.

शैलानं पत्र वाचलं. म्हणाली, "एवढ्यात वर्षाचा किराणा येतो." मग पत्राची घडी घालत, "म्हणजे, यायचा."

मंगळ., ६ फेब्रु.

मंडईत गेलो. पाव किलो लसणाला शंभर. भाजीवालीला म्हटलं, सोन्याचा आहे का. म्हणाली, "काका, सोनं परवडलं." टँकरवाल्यानं भाव वाढवला, दूधवाल्यानं वाढवला, बी.पी.च्या गोळ्यांची पट्टी वाढली. ठेवीचं व्याज तेवढं जागचं हलत नाही.

लोकांना वाटतं गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले. कुठले श्रीमंत? वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. मॅनेजरसाहेबांना खेळायला चौथा माणूस हवा होता. म्हणाले, तुम्ही मेंढरामागचे, काठी धरायची सवय असेल. होती. छावणीतला एक अधिकारी बदली होऊन जाताना सामान विकत होता, त्याच्याकडून कूलर आणि जुन्या काठ्यांचा सेट एकत्रच घेतला. रविवारचा खेळ तेव्हा दोन सिनेमाच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडायचा. साहेब पुढं निघून गेले, माझं वेड राहिलं. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एवढंच केलं. तेही यांच्या डोळ्यांत आलं.

रवि., ११ फेब्रु.

हमीदभाईंबरोबर नऊ होल. माझे ५१ फटके, त्यांचे ४७, म्हणजे जिंकले तेच. वय सत्तर, पण मनगट अजून काय आहे.

पत्राचं विचारलं. म्हणाले, "मेरेकू तो चिठ्ठी नै आई." आणि हसले. चिठ्ठी नाही म्हणजे वाढ नाही, असं त्यांनी धरलंय.

पण ह.भा. कागदावर सभासद नाहीतच. त्यांचं गॅरेज आहे, जुन्या मोंढ्याकडं. गाड्यांचं जळकं ऑईल दर महिन्याला दोन कॅन ते ब्राऊनसाठी आणून देतात, स्वतःच्या खर्चानं, आणि त्या बदल्यात रविवारी फुकट खेळतात. जुन्या सेक्रेटरींनी हात मिळवून ठरवलं होतं. ते वारले. लिहून कुणी ठेवलं नाही. लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती.

ग्रीनला ऑईल लागत नाही.

सोम., १९ फेब्रु.

सेक्रेटरीला भेटलो. पंचेचाळिशीचा असेल. बीड बायपासला प्लॉटिंग करतो. केबिनमध्ये ए.सी. नवीन.

मी: हमीदभाईंचं काय?
तो: कोण हमीदभाई?
मी: ऑईलवाले.
तो: अच्छा ते. काका, ते सभासद कुठंयत? नियमात दाखवा.

बावीस वर्षांचा व्यवहार त्याला नियमात पाहिजे. मी चढ्या आवाजात बोललो. दुष्काळात गवत लावायला लाज कशी वाटत नाही, असंसुद्धा बोललो. त्यानं शांतपणे ड्रॉवर उघडला, डिसेंबरच्या सभेचं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं फिरवलं. ठराव एकमतानं मंजूर. खाली हजर सभासदांच्या सह्या. सातवी माझी.

चहा आणला होता. न पिता उठलो.

मंगळ., २० फेब्रु.

सकाळी फिरायलाही गेलो नाही. लिहून टाकतो एकदाचं.

हात मी वर केला होता. कुणी जबरदस्ती केली नाही. सभेच्या आधी जेवण होतं, तिथं या सेक्रेटरीनं खांद्यावर हात ठेवला आणि दोन डॉक्टर अन् एका बिल्डरपुढं म्हणाला, "हे आपले गोरेसाहेब, इथले सर्वांत जुने खेळाडू." साहेब. स्टोअरमध्ये तेहेतीस वर्षं काढली, साहेब कुणी म्हटलं नाही. मग पडद्यावर हिरव्यागार मैदानाची चित्रं दाखवली. किती पैसे लागतील ते बोललाच नाही, आणि मी विचारलं नाही. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. आणि त्या वेळी ह.भा. माझ्या मनातसुद्धा आले नाहीत, हे सगळ्यांत वाईट.

काल केबिनमध्ये मी 'काका' झालो होतो. काम संपलं की साहेबाचा काका.

रवि., ३ मार्च

पिशोरला दादांकडं. थोरले भाऊ, अजून पन्नासेक मेंढरं आहेत. विहिरीत खडक दिसतोय. पुढच्या महिन्यात मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरणार, उसाची वाडं मिळतील तिकडं.

बोलता बोलता क्लबचं सांगितलं.

"गवत लावायलेत म्हन्तो. मंग मेंढरं सोडीत्यात व्हय त्याच्यावर?"
"नाही, दादा."
"मंग गुरं?"
"नाही. गुरांना सक्त मनाई."
"मंग कोन खातंय ते?"
"कुणी नाही. रोज कापून टाकतात."

दादा मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "आगं, हे आईक, बापू काय सांगायलाय." मला परत सगळं सांगायला लावलं. दोघं हसले. मी नाही हसलो. परत येताना फुलंब्रीपर्यंत डोकं तापलेलं होतं, दादांवर नाही, स्वतःवर.

रवि., १७ मार्च

पहिले तीन ब्राऊन खणले. ऑईलची काळी वाळू कुंपणाला ढिगानं टाकलीय. तिथं लाल माती, पाइप, आणि वरून गवताच्या गुंडाळ्या अंथरल्यात, सतरंजीसारख्या. दोन टँकर उभे. आम्ही उरलेल्या सहावर खेळलो.

ह.भा.चे कॅन गेटवर अडवले. वॉचमन म्हणाला, वरून ऑर्डर आहे. ह.भा. कॅन गाडीत परत ठेवून आले. "अब ऑईल नक्को बोले." एवढंच. मग पाचव्या होलवर पट, म्हणजे बॉल आत घालायचा हलका फटका, मारायला वाकले आणि वाकल्या वाकल्या बोलले, "जिन्ने भी हात उठाया ना भाऊ, उसकू ब्राऊन पे खेलनाइच नै आता हुंगा."

मी म्हटलं, "हां."

नुसतं हां म्हटलं.

रवि., ३१ मार्च

अर्ज तयार केला. मागण्या दोन. जुन्या सभासदांना निधी माफ करा, ह.भा.ना मानद सभासद करा. पंधरा दिवस सह्या गोळा करत हिंडलो. चार मिळाल्या, त्यातली एक माझी.

डॉक्टर म्हणाले, पेशंट आहेत, नंतर या. नंतर गेलो तर गावाला गेलेले. बिल्डरचा मुलगा म्हणाला, "काका, मल्टिप्लेक्सला पॉपकॉर्न घेता ना तुम्ही? तसंच समजा." मी आयुष्यात मल्टिप्लेक्सला पॉपकॉर्न घेतलेलं नाही. घरून चिवडा नेतो. एकानं तर उपदेश केला, शहर वाढतंय, बाहेरून कंपन्या येताहेत, त्यांचे लोक ब्राऊनवर खेळतील का? म्हणजे यायचेत त्यांच्यासाठी आहेत ते हाकला. याच हिशेबानं शहर वाढवतात हे लोक. आमच्या कॉलनीच्या पुढं तीन नव्या स्कीम झाल्या, चौथीचा पाया खणतायत, आणि पाण्याची लाइन तीच, आम्ही राहायला आलो तेव्हाची.

अर्ज सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवला. "बघतो."

रवि., १४ एप्रिल

आज शैलानं चकित केलं. सकाळी चहाबरोबर म्हणाली, "अहो, भरून टाका पैसे."

हीच ना ती, फोडणीत लसणाच्या पाकळ्या मोजून टाकणारी.

"माझी भिशी निघाली. त्यातून घ्या. तुम्ही रविवारी दिवसभर घरात बसलात तर मी कुठं जाऊ?"

हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने मी घरात कसा वागलो ते तिला आठवत असणार. ताटावरून उठलो होतो दोनदा. मैदान होतं म्हणून माणसात आलो.

तिला डिसेंबरचं सांगितलं, हात वर केल्याचं. ऐकून घेतलं. "हमीदभाईंना सांगितलं?" नाही. "मग मला कशाला सांगताय?"

सोम., २२ एप्रिल

टँकर काल येणार होता, आला नाही. शैलानं शेजारून दोन हंडे आणले. आज दुपारी आला. ड्रायव्हर पाइप टाकताना मीच विचारलं, कुठं होतास.

"क्लबला व्हतो साहेब. गवत वाळायलंय म्हने. तिथं चार खेपा लागत्यात."
"आणि इथली माणसं?"
"मी काय करू, साहेब. ते आगाऊ देत्यात."

त्याला बोलून काय उपयोग. तरी बोललो. शैला मधे पडली, तुमचं भांडण संपेपर्यंत टाकी भरू द्या म्हणाली. टाकी भरली. मी गच्चीवर जाऊन बसलो. माझा एक हात वर गेला म्हणून माझ्या बायकोला शेजारून हंडे आणावे लागले, दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ?

रवि., २८ एप्रिल

सहावा, सातवा आणि आठवा, एवढेच ब्राऊन उरलेत. तेही उद्यापासून खणणार. अर्जाचं उत्तर परवा आलं. 'नियमात बसत नाही.' एका ओळीत.

गेटवर ह.भा.ना अडवलं नाही. वॉचमननं मान खाली घातली आणि सोडलं. त्यालाही माहीत होतं शेवटचं आहे.

तीनच होल, पुन्हा पुन्हा खेळलो. सूर्य वर आला तसे दोघंच उरलो. आठव्यावर सांगितलं. मराठीत सुरुवात केली, हिंदीत गेलो, कुठंच धड बोलता येईना. "हमीदभाई, सभेत हात वर करणाऱ्यात मी होतो. डिसेंबरला. सही पण आहे."

त्यांचा पट राहिला होता, हातभर. त्यांनी तो मारला. गेला आत. मग पोतं घेतलं. आमच्याकडं रीत अशी, की शेवटी खेळेल त्यानं ब्राऊनवरून पोतं ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या, मागच्यांसाठी. मागं कुणी नव्हतं. तरी त्यांनी सगळा ब्राऊन ओढला, कडेकडेनं गोल फिरत, पावलाची एकही खूण न ठेवता. मी उभा.

"कायकू उठाया, भाऊ?"
"सगळ्यांनी केला म्हणून."
"मेरा नाम आया था उदर?"
"नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्यापण."

पोतं झटकून ठेवलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तो फिर भरो पैसे. हात उठाए ना तुम? खेलो अब उस पे."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बॅग खांद्यावर टाकून गेले. दर रविवारी मला चौकात सोडतात. आज मी चालत आलो, दीड तास लागला. शैलानं ताक दिलं.

मंगळ., ३० एप्रिल

शेवटचा दिवस. ऑफिस पाचला बंद होतं. आत्ता साडेतीन.

सकाळपासून दोन कागद केले. एक चेक, शैलाच्या भिशीची भर घालून. दुसरं पत्र: डिसेंबरच्या ठरावाला माझा विरोध नोंदवावा, माझी संमती मी मागं घेतो, ठराव एकमतानं झाला नाही. सेक्रेटरी म्हणेल, काका, इतिवृत्त बदलत नसतं. म्हणू दे. त्याच्या तोंडावर देईन. पण चेक पण देणार असलो तर त्या पत्राला काय अर्थ, आणि चेक नाही दिला तर मी सभासदच नाही, मग विरोध कुणाचा? सकाळपासून हेच चालू आहे.

ह.भा.ना तीनदा फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा भाभींनी घेतला. "दुकान पे हैं, भाईसाब." मागून त्यांचाच आवाज आला, कुणावर तरी खेकसत होते, गॅरेजमध्ये नव्हतेच. भाभींनी फोन ठेवला.

त्यांचा राग खरा आहे. माझाही खरा आहे, पण माझ्या रागाला आता कुणी विचारणार नाही. सहाव्या-सातव्या होलची वाळू आज उपसली असेल. त्या सेक्रेटरीच्या कानाखाली काढावीशी वाटते, आणि काढली तरी रजिस्टरमधली सातवी सही माझीच राहणार.

शैला रिक्षा बोलवू का विचारते. म्हणे, घरी बसून ठरत नाही ते. बरोबर आहे तिचं. दोन्ही कागद खिशात घेतले. क्लब डावीकडं, ह.भा.चं घर उजवीकडं. चौकापर्यंत रस्ता एकच. चौकापर्यंत तर जातो.