लाल रंग आधी जातो

ओहायो,
२० एप्रिल २००९, सोमवार

प्रिय लोरेनदादा,

प्रभूची शांती तुझ्या घरावर असो. नोरीनवहिनींचं नाताळचं कार्ड पोचलं. आईने ते अजून खिडकीत उभं करून ठेवलं आहे. तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं त्यातूनच कळलं. आतापर्यंत काठी सुटली असेल अशी आशा करतो. टक्सनची कोरडी हवा सांध्यांना चांगली, असं इथे सगळे म्हणतात, पण त्यातलं तिथे गेलेलं कुणीच नाही.

इकडे आम्ही बरे आहोत. आईला ऐकू कमी येतं, पण तिला हवं ते बरोबर ऐकू येतं. लिओटाने कोंबडीची पिल्लं आणली आहेत. स्वयंपाकघरात खोक्यात दिव्याखाली ठेवली आहेत, त्यामुळे जेवताना प्रार्थना म्हटली की तीही म्हणतात. शेत अजून ओलं आहे. मक्याला घाई करून उपयोग नाही.

माझ्या टीव्हींबद्दल आईने तुला फोनवर सांगितलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. बाबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पहिला आणला. अगदी सुरुवातीच्या काळातले रंगीत टीव्ही, गोल काचेचे. घरं मोडताना लिलाव होतात, त्यात हे कोपऱ्यात पडलेले असतात आणि कुणी हात वर करत नाही. लाकूडकाम मात्र असं असतं की बघत राहावं. ज्यांची पिक्चर ट्यूब चांगली असते ते टीव्ही लांबलांबचे संग्राहक घेऊन जातात. जिचा जोर संपत आला आहे, किंवा जिच्या मागच्या निमुळत्या मानेतला चंदेरी डाग पांढरा पडला आहे, म्हणजे आत हवा शिरली आहे, ती माझ्याकडे राहते. गोठ्यामागची खोली आता भरली आहे.

आपल्या चर्चच्या मंडळीचा नियम तुला मी काय सांगू. घरात टीव्ही नको. पण ज्याला चित्र येत नाही ते कपाट, असं वडीलजनांनी विचार करून ठरवलं, आणि मीही ती मर्यादा पाळली. मीटर लावून ट्यूबचा जोर बघतो, चित्र लावत नाही. लावायचं कधी मनातही आलं नव्हतं.

बहुतेक काम मोतीबिंदूचं असतं. ट्यूबच्या तोंडावर एक दुसरी काच चिकटवलेली असते, मधला चिकट थर म्हातारा झाला की कडेकडेने पांढरी साय चढते. संग्राहकही त्याला मोतीबिंदूच म्हणतात. ट्यूब उन्हात ठेवायची, मग कोमट, मग गरम पाणी, आणि बारीक दोरी दोन काचांच्या मधून करवतीसारखी ओढायची. घाई केली की तडा जातो. लिओटा म्हणते, एवढ्या मायेने बायकोचे पाय कधी चोळले नाहीस. मंडळीत मला डोळ्यांचा डॉक्टर म्हणतात, तेही तोंडावर.

मार्चमध्ये स्टोल्ट्झांच्या ट्रीव्हाकाकूंनी बोलावलं. ड्वाइटकाका गेल्यापासून त्या एकट्याच होत्या, आता ग्रीनव्हिलला वृद्धाश्रमात चालल्या आहेत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत चादरीखाली एक टीव्ही होता, तो मी घेऊन आलो.

त्याबद्दल पुढे लिहितो. आता धारा काढायची वेळ झाली.

मंगळवार

काल इथेच थांबलो. धार हे निमित्त होतं.

मंडळीच्या वार्षिक प्रीतिभोजनाआधी प्रत्येकाचं मन साफ आहे ना ते विचारायला मंडळीचे सेवक, डीकन, घरोघर येतात, ते तुला आठवत असेलच. यंदा हार्ली आणि म्हातारे ऑर्व्हिल आले. दोघांनी टोप्या मांडीवर ठेवल्या आणि नेहमीचे प्रश्न विचारले. अजून विश्वासात आहेस का? हो. मंडळीशी आणि सगळ्या माणसांशी शांतीने आहेस का? दरवर्षी मी हो म्हणतो. यंदा शब्द आला नाही. ऑर्व्हिलबंधूंना वाटलं मलाही आईसारखं ऐकू येईनासं झालं. त्यांनी मोठ्याने परत विचारलं.

मी म्हणालो, एका माणसाशी नाही. आणि मागच्या खोलीत एक टीव्ही आहे, ज्याला चित्र येतं, आणि ते मी लावून पाहिलं आहे.

हार्ली खोक्यातल्या पिल्लांकडे बघत म्हणाला, "काढून टाक ना ट्यूब. बाकीच्यांसारखं कपाट होऊन राहील."

"माझा नाही तो," मी म्हणालो.

"मग ज्याचा आहे त्याला म्हणावं घेऊन जा."

"आणि तो नाही आला तर?"

"तर ट्यूबच्या मानेचं टोक मोड, हवा शिरून ती मरेल. तूच म्हणतोस ना, एक टिचकी पुरते, आवाजही होत नाही." तो वाईट माणूस नाही, दादा. जाताना त्यानेच हळू आवाजात विचारलं की कुणाचा आहे. मी सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, भोजनापर्यंत वेळ घे.

आमचं भोजन सोळा मेला आहे. तोवर टीव्ही गेला नाही, किंवा मी ट्यूब मारली नाही, तर मी त्या टेबलाशी बसू शकत नाही. भोजनाआधीच्या रिवाजात कुणाचे पाय धुवू शकत नाही, कुणी माझे धुणार नाही.

तो टीव्ही तुझा आहे.

मागच्या झाकणाची बिजागरी तुटली होती म्हणून तू बाबांच्या घोड्याच्या साजातला पट्टा कापून लावला होतास. बाबा तो पट्टा आठवडाभर शोधत होते आणि तूही त्यांच्याबरोबर शोधत होतास. तो पट्टा अजून तसाच आहे. ट्रीव्हाकाकूंच्या खोलीत चादर काढली, मागे हात फिरवला, आणि बोटांना तो लागला.

आपण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तू लपवलेला हा टीव्ही सापडला त्या दिवशी बाबा गाडीत घालून तो ओढ्याकाठी घेऊन गेले आणि कुऱ्हाडीने फोडला. बाबांनी तसं कधी म्हटलं नाही. नाही असंही कधी म्हटलं नाही. आणि तू मक्याची पेरणी व्हायच्या आत निघून गेलास.

काकूंनी सांगितलं ते असं. स्टोल्ट्झ मंडळीबाहेरचे, त्यांच्या घरात टीव्ही चालतो. बाबा संध्याकाळी ताडपत्री घातलेली गाडी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले आणि ड्वाइटकाकांना म्हणाले, "मुलाचा आहे. त्याला परत हवा होईल. तोवर मधूनमधून चालू ठेवा, नुसता पडला की बिघडतो असं तो म्हणतो." कुणाला सांगू नका, असंही म्हणाले, आणि काकूंनी बाबांच्या नंतरही तो शब्द पाळला. आता घरच सोडायचं म्हणून माझ्याकडे तोंड उघडलं.

हिवाळ्यात बाबा कधीकधी काहीतरी अवजार मागायला तिकडे जात. टीव्ही चालू असला तर उंबऱ्यात टोपी घालून उभे राहत, आत येत नसत, बसत नसत. एकदा बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "या सगळ्यांना ताप आलाय का?" रंगाचं बटण कुणीतरी फिरवून ठेवलं होतं, चेहरे लालभडक झाले होते. ड्वाइटकाकांनी नीट केलं तेव्हा बाबा हसले. काकू म्हणतात, त्यांनी बाबांना हसताना तेवढंच पाहिलं.

तुला त्यांनी का कळवलं नाही, हे मला सांगता येणार नाही. मला वाटतं, तू विचारशील असं त्यांना वाटत राहिलं. आणि तुला वाटलं असेल की ते सांगतील. मंडळीच्या माणसाला नियम पाळता येतो, पण नियमाच्या कडेला उभं राहून आपण काय केलं, ते बोलता येत नाही. ही आपल्या घराची रीत आहे, माझ्यातही आहे. बघ, मला इथपर्यंत यायला दोन दिवस लागले.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. मीटरने बघून थांबायचं होतं. पण बटण फिरवलं. आधी आवाज आला, मग कितीतरी वेळाने काचेत उजेड धरला. डेटनच्या स्टेशनवरचा एक माणूस हवामान सांगत होता. चेहरा कोवळ्या मक्यासारखा हिरवा. मी त्याआधी कधी चालू टीव्ही पाहिलेला नव्हता, मला वाटलं रंगीत म्हणजे असंच असतं. मन लावून बघितलं. नंतर पर्सेल म्हणून एक संग्राहक आहेत, त्यांना फोनवर सांगितलं तर ते खो खो हसले. लाल रंग आधी जातो, म्हणाले. चेहऱ्यात लाल नाही म्हणून हिरवा. विजेचा झटका देऊन लाल थोडे दिवस परत आणता येतो, पण त्यानंतर ट्यूब पूर्ण जाते. न छेडता ठेवली तर काही संध्याकाळी निघतील.

शिवाय जूनमध्ये हवेतून येणारं जुनं प्रक्षेपण सगळीकडेच बंद होणार आहे. मग त्याला पकडायला काही उरणार नाही.

मी तो झटका दिलेला नाही.

मी बटण फिरवलं त्या दिवशी आई अंडी घेऊन दारात कधी आली ते कळलं नाही. तिला आवाज ऐकू येत नव्हता, पण तो हिरवा माणूस दिसत होता. ती टीव्हीच्या मागे गेली, पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बंद कर."

मी मान खाली घातली. वाटलं, आता बायबलमधलं वचन ऐकवेल. तिने स्वतःच बटण फिरवलं. काचेतला ठिपका विझेपर्यंत थांबली.

"संपवू नकोस," ती म्हणाली. "लोरेनसाठी राहू दे."

तेव्हापासून तिची गोधडी त्याच्यावर आहे. मी परत हात लावलेला नाही. जेवढं उरलं आहे तेवढं तुझं आहे. तू आलास तर गाडीत चढवायला मी आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. जायच्या आधी आईसमोर एकदा लाव. नाही आलास, तर पंधरा मेला संध्याकाळी मी मानेचं टोक मोडेन. ते मला जमेल, पण मी ते करावं असं मला वाटत नाही.

मंडळीत सगळेच एकमेकांना भाऊ म्हणतात. मी त्या अर्थाने लिहीत नाही.

तुझा भाऊ,
वर्लिन