नडगीवरचं कमळ

बदनापूर, मंगळवार, 14 ऑक्टोबर 2025. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे.

प्रिय दैवशालाताई,

आत्ताच काठी दाराला टेकवून हापशापर्यंत बिनकाठीचा जाऊन आलो. दोनशे बारा पावलं. आई मागून ओरडून राह्यली होती, "आदिनाथ, बस कर, पायाला जरा आराम दे!" आणि स्वतःच रडत होती.

तुला आम्ही पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये नडगी गुडघ्याखाली सुजली, तेव्हा इथल्या डॉक्टरांना एक्स-रे बघून हाडाच्या कॅन्सरची शंका आली. पाय काढावा लागेल, असंही ते बोलले. तुझ्या नणंदेचं लग्न तोंडावर होतं, म्हणून तुला फक्त "जुना मार दुखतोय" एवढंच कळवलं. संभाजीनगरला एमआरआय झाला. तिथल्या तपासणीच्या मॅडमनी मला दाखवलं, हाडात हरभऱ्याएवढा खड्डा आणि भोवती कांद्यासारखे पापुद्रे. म्हणाल्या, कॅन्सरची गाठ असो की हाडात पू, एक्स-रेत दोन्ही असेच दिसू शकतात. एमआरआयमध्ये खड्ड्याला आतून उजळ कडं आहे, त्यावरून पू वाटतो. पण जुना एक्स-रे मिळाला तर फार बरं होईल.

मी लगेच फाइल काढली. मोटारसायकलवरून पडलो तेव्हाचा, जून 2023 चा रिपोर्ट, प्लॅस्टिकमध्ये जपलेला. मॅडम म्हणाल्या, "कागद नको रे बाबा, चित्र दाखव." चित्र कुठलं आणू? लिहिलेलं तेवढं कामाचं, असं समजून सगळ्या फिल्म मी भंगारवाल्याला किलोवर घातल्या होत्या. फक्त एक तू रांगोळीच्या छापासाठी ओढून घेतली होतीस.

मी फोन केला, तेव्हा तू कशाला म्हणून विचारलं नाहीस. दुसऱ्याच दिवशी अंबडच्या बसने, कंडक्टर कमरोद्दीनचाचांच्या हाती गुंडाळी आली. मॅडमनी ती उजेडावर लावली आणि बघतच राहिल्या. नडगीच्या मधोमध तू कापलेलं आठ पाकळ्यांचं कमळ! "हे कुठल्या मशीनवर काढलं?" म्हणाल्या. बाबासुद्धा हसले. पण कमळाच्या बोटभर वर, बराबर त्याच जागी, मोहरीएवढा डाग होता. असला कॅन्सर सव्वादोन वर्षं इतका गप्प बसत नाही, असं मॅडम म्हणाल्या. तरी खात्रीसाठी सुईने नमुना घेतला. पू निघाला, जंतू निघाले. कॅन्सर नाही, ताई, बिलकुल नाही! मंग हाड साफ केलं, सहा आठवडे औषध चाललं, काल शेवटची गोळी घेतली. तू ती पाकळी बोटभर वर कापली असतीस तर, हा विचार मी रोज एकदा करतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू ती फिल्म ओढून घेतलीस त्या दिवशी भंगाराच्या वजनात घट आली म्हणून मी तुझ्याकडून पाच रुपये मोजून घेतले होते, आणि तुला कशाचीच किंमत नाही, असं भंगारवाल्यासमोर बोललो होतो. फोनवर त्याची माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही. माझं चुकलं, ताई. फिल्म सोबत परत पाठवतोय, दुमडू नकोस. दिवाळीला दारात हेच कमळ काढ. भाऊबीजेला मी स्टँडपासून चालत येणार आहे.

तुझाच,
आदिनाथ

एमआरआय: 6,500
गोळ्या व गाडीभाडे: 3,840
ऑपरेशन: सरकारी योजनेतून
एकूण खर्चा: 10,340
देणे: दैवशालाताईचे 5 रुपये, भाऊबीजेला रोख.