मी काशीला गेले नव्हते

सुरत, डिसेंबर १९९५

दादा,

कुशल विचारायच्या मनःस्थितीत मी आज नाही. मी काशीयात्रेला गेले, असं तू धुळ्यात सगळ्यांना सांगितलंस. परवा उज्ज्वलामावशी सुरतेला घरी आली आणि माझ्याकडे गंगाजल मागू लागली! मी तिला खरं सांगितलं: बँकेतून रजा काढून, पाठीवर पिशवी अडकवून मी एकटी इंडोनेशिया फिरून आले.

लगेच तुझा फोन. "माझ्या अमृताचा साखरपुडा आहे. काशीच म्हण, नाहीतर येऊ नकोस!"

एवढी कसली लाज रे? जावा बेटावर दरड कोसळून बस अडकली, तेव्हा मी चिखलातून चालत निघाले. केळीच्या बागेतल्या एका बाईने मला हात धरून घरी नेलं, भात वाढला. नवरा, मुलं कुठे आहेत, असं तिने खुणेने विचारलं. नाहीत, अशी मी मान हलवली. ती माझ्या पिशवीवर थाप मारून मनापासून हसली. माझ्या एकटेपणाची कीव न करणारी मला भेटलेली ती पहिली बाई. आणि हे सगळं तू काशीच्या नावाखाली झाकतोस?

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तू ते लपवशील. रविवारी साखरपुड्याला मी स्वतःच येतेय. अमृताच्या होणाऱ्या सासूबाईंचा आत्ताच फोन आला होता. म्हणाल्या, "उज्ज्वलाताईंकडून कळलं. फोटो घेऊन या, आत्याबाई. मलाही कधीचं जायचंय कुठेतरी."

विजया