बिनचिठ्ठीची बाटली

सोमवार, ६ जानेवारी
आले एकदाची मानवतला! सात वर्षं वाट पाहिलेली नोकरी. विज्ञानाची शिक्षिका म्हणून आज मोरपंखी साडी नेसून रुजू झाले. दोन खोल्या छान आहेत, दाराशी कढीपत्ता, आणि आधीच्या भाडेकरणीचा फ्रीज आयताच मिळाला. घरमालकीण सरजाबाई म्हणाल्या, वापरा की, बंद पडण्यापरीस बरं हाय. सोबत पाच महिन्यांची मित्रा आणि तिला सांभाळायला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस त्या लुगड्याच्या रंगावरून ओळखतात. नवरा, सिद्धोधन, रेल्वेत, पूर्णेला. रविवारी येत जाईल.
शाळेत खिचडीच्या तांदळाच्या खोलीत, पोत्यांआड, दोनदा पंपाने दूध काढायचं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची: तारीख, वेळ. आत्याबाईंनी ती गरम पाण्यात धरून कोमट करायची आणि वाटी-चमच्याने पाजायची. सगळं कसं आखून ठेवलंय!

शुक्रवार, १० जानेवारी
पहाटे पाचला पंप, मग स्वयंपाक, शाळा, पंप, तास, पंप, घरी आल्यावर मित्रा, झोपण्याआधी पुन्हा पंप. त्याची घरघर डोक्यातून जात नाही. आज फळ्यावर तारखेच्या जागी ‘९० मिली’ लिहिलं. पोरं खदखदून हसली, मीही हसले, मग जरा रडू आलं.
फ्रीजमध्ये मी चार बाटल्या ठेवल्या होत्या, संध्याकाळी पाच निघाल्या. पाचवीवर चिठ्ठी नाही. मीच अर्धवट झोपेत काढून ठेवली असेल. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. आम्ही देव मानत नाही, पण डोळा घेतला ठेवून.

बुधवार, १५ जानेवारी
रोज एक जास्त. काल दोन. आत्याबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, मला काय दिसतंय बाई, हाताला लागंल ती घेते.
खरं लिहायचं तर मी विचारणं सोडलं. पहाटेचा पंपही सोडला आणि तासभर जास्त झोपले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. लाज वाटते, पण किती बरं वाटलं! मित्रा बाळसं धरायला लागली आहे. मला मात्र पंपाला जेमतेम तीस मिली येतं.

सोमवार, २० जानेवारी
फ्रीज चालू होता. वरणाचा गोळा झालेला, माझी बाटली गार. बिनचिठ्ठीची ऊन होती. अंगातून आत्ताच काढल्यासारखी ऊन.
मोरीत ओतून दिली. मग मित्राला जवळ घेतलं तर तिने तोंड फिरवलं. डब्याची पावडर थुंकून टाकली. रात्रीपर्यंत रडून रडून तिचा आवाज बसला. शेवटी दुसरी ऊन बाटली मीच काढली. मीच पाजली.

गुरुवार, २३ जानेवारी
सरजाबाईंना खोदून विचारलं. आधी इथे राजेश्री नावाची नर्स राहायची. लेकरू अकरा दिवसांचं होऊन गेलं. दूध काही थांबेना. ती काढायची आणि याच फ्रीजमध्ये भरून ठेवायची, टाकू द्यायची नाही. महिन्याभरात तीही गेली.
जिचं दूध पाजलं तिला लुगडं-चोळी करावं लागतंय, असं सरजाबाई म्हणाल्या. कोरं करा, अंगावरचं न्हाई. न्हाई केलं तर ती लेकरूच मागती. मी हसले. विज्ञानाची शिक्षिका ना मी.
पंपाला आज दहा मिली.

शनिवार, २५ जानेवारी
फ्रीजचा प्लग काढून ठेवला. तरी सात बाटल्या. ऊन.
साडी आणायला हवी, पण उद्याच्या झेंड्याची लेझीम मी बसवतेय, सुटेपर्यंत दुकानं बंद. सिद्धोधनला सुट्टी नाही. फोनवर म्हणाला, तू झोप घे.

सोमवार, २७ जानेवारी
पाय उचलत नाहीत. बाजारापर्यंत जायचंसुद्धा जिवावर आलं. पेटीतली मोरपंखी काढली. एकदाच तर नेसलेली, कोण बघतंय? घडी करून फ्रीजवर ठेवली. हात जोडले. कुणाला, माहीत नाही. माझं लेकरू मला राहू दे, एवढंच म्हणाले.

मंगळवार, २८ जानेवारी, सकाळ
साडी नाही. बाटल्याही नाहीत. फ्रीज गार, रिकामा! मित्रा अंगावर प्यायली, थोडं का होईना. सुटलो.

तोच दिवस, दुपार
मधल्या सुट्टीत धावत घरी आले. दाराला आतून कडी. पिशवीतली वही काढून पायरीवर बसून लिहितेय, दुसरं काय करू. सरजाबाई सुताराला आणायला गेल्यात.
आत्याबाई आतून म्हणतात, कोण बाई तुमी? मी म्हटलं, मी सुकेशनी. त्या म्हणाल्या, सुकेशनी तर मघाच आली, मोरपंखी लुगडं नेसून, लेकराला घेऊन पाजायलीय—
मी कोरी का नाही आणली— दोन पावलांवर दुकान—
मित्रा पितेय. गुटुगुटु. इथपर्यंत ऐकू येतं. तिच्या आवाजाने मला पान्हा फुटलाय, कित्येक दिवसांनी, पदर भिजला, वहीवर—
कुणीतरी दाराशी आलं. माझाच आवाज आहे. म्हणतेय, ताई, लेकराची काळजी करू नका, तुमी दूध तेवढं फ्रीजमध्ये ठेवत जावा, मी पाजीन माझ्या—